दार अडवू नका, पंचनामा सोडू नका

पोलीस घराची झडती घ्यायला आले तर काय करायचे, याचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी सिनेमातून घेतलेले असते. घरमालक दारात उभा राहून ‘वॉरंट आहे का?’ असे विचारतो आणि फौजदार ओशाळून मागे फिरतो. प्रश्न विचारायला हरकत काहीच नाही. पण उत्तर ‘नाही’ असे आले म्हणजे झडती बेकायदा ठरली, ही समजूत चुकीची आहे आणि ती महागातही पडू शकते. झडतीच्या वेळी कायद्याने नागरिकाला बरेच हक्क दिले आहेत. त्यांतला एखाददुसराच झडती दारात रोखण्याच्या उपयोगाचा आहे. बाकीच्यांचा संबंध झडती कशी घेतली, काय सापडले, कोणासमोर सापडले आणि ते कोणत्या शब्दांत लिहिले गेले, याच्याशी येतो. सर्वोच्च न्यायालयाचे गेल्या सत्तर वर्षांतले निकाल पाहिले तर नागरिकाला जो काही बचाव मिळतो तो झडतीच्या नोंदीतून मिळतो, असेच म्हणावे लागते. म्हणून त्या तास-दोन तासांत आपले सगळे लक्ष त्या नोंदीवर असले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

१ जुलै २०२४ पासून १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, झडतीचा सांगाडा बराचसा जुनाच राहिला. झडतीचे मुख्य रस्ते दोन. कलम ९६ खाली न्यायालय झडतीचे वॉरंट काढू शकते. हवी असलेली वस्तू किंवा कागद संबंधित माणूस आपणहून हजर करणार नाही असे मानायला जागा असेल, ती वस्तू कोणाकडे आहे हेच माहीत नसेल किंवा सरसकट झडतीशिवाय काम होणार नसेल, तेव्हा हे वॉरंट निघते. दुसरा रस्ता कलम १८५चा, म्हणजे जुन्या १६५चा. पोलीस ठाण्याचा प्रभारी किंवा तपासी अधिकारी या कलमाखाली विनावॉरंट झडती घेऊ शकतो, आणि दखलपात्र गुन्ह्यांच्या तपासात पोलीस नेहमी वापरतात तो रस्ता हाच. अर्थात तो मोकाट नाही. वस्तू तपासाला आवश्यक आहे, ती आपल्या हद्दीत अमुक ठिकाणी मिळेल आणि दुसऱ्या मार्गाने ती मिळवायला गेल्यास नको तितका उशीर होईल, असे मानायला वाजवी कारण लागते. हे कारण आणि शक्य तितके त्या वस्तूचे वर्णन झडतीच्या आधी केस डायरीत लिहावे लागते. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. जुन्या कायद्यात नुसते ‘ताबडतोब’ होते, तासांची मर्यादा नवी आहे. या कलमाच्या शेवटी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. घराचा मालक किंवा तिथे राहणारा माणूस अर्ज करील, तर दंडाधिकाऱ्याने त्याला या नोंदीची प्रत विनामूल्य द्यायची. ज्यांना पोलिसांसमोर तोंड उघडायची भीती वाटते, त्यांच्यासाठी हा हक्क मोलाचा आहे, कारण तो पोलिसांकडे मागावाच लागत नाही.

आता दाराचा प्रश्न. कायदा म्हणतो, वॉरंट दाखवले की अधिकाऱ्याला आत येऊ द्या आणि झडतीला वाजवी मदत करा. आत येऊ दिले नाही, तर आपला अधिकार आणि हेतू सांगून, प्रवेश मागून, त्यानंतर दार फोडण्याचीही मुभा त्याला आहे. विनावॉरंट झडतीलाही हे नियम शक्य तिथवर लागू होतात. उलट, अडवणाऱ्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१चा गुन्हा लागू शकतो. धक्काबुक्की झाली तर कलम १३२, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी असलेले ते जुने ३५३. झडतीत काहीच सापडले नाही, तरी हा दुसरा गुन्हा शिल्लक राहतो. कायद्याचा जाणकार इथे आक्षेप घेईल, आणि त्याच्या हाताशी आधारही आहेत. १९५९च्या राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, केंद्रीय अबकारी अधिकाऱ्याने कारणांची नोंद न करता झडती घ्यायला जाणे बेकायदा आहे, असे म्हणून अडथळा आणणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. १९६२मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका पोस्टमनचा खटला आला. त्याच्या घरातून, लोकांना न पोहोचवलेली पत्रे जप्त झाली होती. झडती नियमाप्रमाणे झाली नाही, हे त्याचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की झडती बेकायदा असेल तर त्याचे परिणाम दोनच: ज्याच्या घराची झडती आहे तो कदाचित तिला विरोध करू शकेल आणि जप्तीचा पुरावा न्यायालय जास्त बारकाईने पाहील. जप्ती मात्र रद्द होत नाही.

या दोन परिणामांपैकी पहिला कागदावर कितीही भारदस्त वाटला, तरी दारात उभ्या असलेल्या माणसाच्या कामाचा नाही. केस डायरीत कारण लिहिले आहे की नाही, हे त्याला त्या क्षणी कळायला मार्गच नसतो. ती डायरी त्याला दाखवली जात नाही. अंदाज चुकला तर अडथळ्याचा गुन्हा अंगावर, आणि अंदाज बरोबर होता हे ठरायला कित्येक वर्षे. म्हणून नाव काय, ठाणे कोणते, गुन्हा रजिस्टर नंबर काय, वॉरंट आहे की कलम १८५ खाली आला आहात, एवढे शांतपणे विचारावे, उत्तरे लिहून ठेवावीत आणि बाजूला व्हावे. उरला दुसरा परिणाम, पुरावा बारकाईने पाहण्याचा. न्यायालय बारकाईने पाहणार म्हणजे काय पाहणार? पंचनामा, पंचांची साक्ष, चित्रीकरण आणि तुम्ही त्या वेळी नोंदवलेली हरकत. त्यांत काही सापडले तर.

इथे आपल्या कायद्याचे एक वैशिष्ट्य नीट समजून घ्यायला हवे. अमेरिकेत बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सर्वसाधारणपणे न्यायालयात चालत नाही. आपल्याकडे तसे नाही. प्राप्तिकर खात्याच्या झडतीबद्दलच्या पूरणमल खटल्यात १९७३मध्ये घटनापीठाने सांगितले की पुरावा खटल्याशी संबंधित असेल, तर तो कसा मिळवला यावरून तो बाद होत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या कॉरोनरच्या लाचेच्या खटल्यात चोरून ध्वनिमुद्रित केलेले टेलिफोन संभाषण ग्राह्य धरले गेले होते. १९७९मध्ये महाराष्ट्रातल्याच तस्करीच्या सोन्याच्या प्रकरणात पुन्हा तेच: झडती बेकायदा मानली तरी सोन्याच्या जप्तीला बाध येत नाही. कायदा आयोगाला हे खटकले होते. १९८३च्या आपल्या ९४व्या अहवालात त्याने पुरावा कायद्यात १६६-अ हे कलम घालावे आणि अयोग्य मार्गाने मिळवलेला पुरावा नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशांना द्यावा, असे सुचवले. सूचना अहवालातच राहिली. २०२३मध्ये अख्खा पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हाही ती आली नाही. मधल्या काळात २०१७मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि झडतीविरुद्ध घटनेत असे संरक्षण नाही म्हणणाऱ्या १९५४च्या आठ न्यायाधीशांच्या निकालातला तो भाग मोडीत काढला. पाया बदलला, हे खरे. पण त्या पायावर पुरावा बाद करण्याचा नियम अजून उभा राहिलेला नाही. माझ्या मते तो राहायला हवा, निदान आयोगाने सुचवला होता तितका तरी. तो येईपर्यंत नागरिकाने तो आहे असे समजून वागणे धोक्याचे आहे.

तर मग पंचनामा. कलम १०३ (जुने १००) सांगते की झडतीपूर्वी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे. ते मिळाले नाहीत किंवा तयार नसतील तरच दुसऱ्या भागातले. झडती त्यांच्यासमोर घ्यायची, जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची आणि ती कुठे सापडली याची यादी करायची, त्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. घरात राहणाऱ्या माणसाला, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला, झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचे. यात अपवाद नाही, ‘प्रत्येक वेळी’ असेच कायद्याचे शब्द आहेत. आणि पंचांच्या सह्या असलेल्या यादीची प्रत त्याला द्यायची. सर्वांना बाहेरच्या खोलीत बसवून आत झडती चालू ठेवणे या तरतुदीत बसत नाही. ‘मला सोबत राहू द्या’ एवढेच म्हणावे, आणि खोल्या जास्त असतील तर एका वेळी एकाच खोलीची झडती घ्या अशी विनंती करावी. आत येण्यापूर्वी पोलिसांनी आणि पंचांनी आपली अंगझडती द्यायची, हा जुना प्रघात आहे आणि बऱ्याच पंचनाम्यांत तसे छापील वाक्यही असते. वाक्य असेल तर कृतीही व्हायला हवी, हे म्हणायला कायद्याची पदवी लागत नाही.

पंचनामा वाचताना काय पाहायचे? सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ. पंचांची पूर्ण नावे आणि पत्ते. वस्तू ‘घरातून’ नव्हे, तर कोणत्या खोलीतून, कोणत्या कपाटाच्या कोणत्या कप्प्यातून निघाली ते. दागिने पोलीस ‘पिवळ्या धातूचे’ असे लिहितात. यात लबाडी नाही, सोने आहे की नाही हे सांगणे त्यांचे काम नव्हे. पण नग किती, वजन किती, घडण कशी, हे लिहिलेच पाहिजे. एरवी परत मिळताना वाद होतो. रोकड असेल तर कोणत्या किमतीच्या किती नोटा. मोबाइल असेल तर कंपनी, रंग आणि आयएमईआय क्रमांक. वस्तू तिथल्या तिथे पाकिटात घालून मोहोरबंद केली का, त्यावर पंचांच्या सह्यांचे लेबल लावले का. मोकळी जागा राहिली असेल तर तिथे रेघ मारायला सांगावे. कायद्याला सही लागते ती पंचांची. घरातल्या माणसाची सही बहुधा प्रत मिळाल्याची पोच म्हणून घेतात. म्हणून प्रत हातात पडल्याखेरीज ‘प्रत मिळाली’ या शब्दांखाली सही करू नये. मजकुरात चूक असेल तर भांडत बसण्यापेक्षा सहीच्या वर आपल्या हाताने लिहावे: अमुक वस्तू माझ्यासमोर सापडलेली नाही, किंवा दुसरा पंच झडतीनंतर आला. खाली तारीख आणि वेळ. जबाबाची गोष्ट वेगळी. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, असे कलम १८१ स्पष्ट सांगते, आणि ज्या उत्तराने आपण स्वतः गुन्ह्यात अडकू ते उत्तर देण्याची सक्तीही कोणी करू शकत नाही. पंचनाम्याच्या चळतीत असा एखादा जबाब सहीसाठी पुढे आला, तर तो बाजूला ठेवावा.

पंचनामा हाच नागरिकाचा आधार असेल, तर तो आधार किती डळमळीत आहे हेही सांगायला हवे. ठाण्याशी घसट असलेले तेच ते पंच कितीतरी खटल्यांत दिसतात आणि न्यायालये त्यावर ताशेरे ओढत आली आहेत. पंच फितूर होण्याला कंटाळून महाराष्ट्र शासनाने २०१५मध्ये गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याचे धोरण आणले. त्याने फितुरी कमी होईल, पण सरकारी नोकर हा पोलिसांपासून स्वतंत्र किती, हा प्रश्न राहतोच. २०१८मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या अटकांवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा अटकेच्या कागदांवरचे पंच पुण्याहून पोलिसांबरोबरच गेलेले महापालिकेचे कर्मचारी होते, हे समोर आले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या अल्पमताच्या निकालपत्रात त्यावर बोट ठेवले. बहुमताने मात्र पोलिसांच्या तपासात हात घालायला नकार दिला.

नव्या कायद्यातला खरा बदल इथेच आहे. कलम १०५नुसार झडती आणि जप्तीची सगळी प्रक्रिया, यादी करण्यापासून पंचांच्या सह्यांपर्यंत, ध्वनिचित्रमुद्रित करायची आहे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते चित्रीकरण विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. कलम १८५ खालच्या झडतीलाही हे बंधन आहे. त्यासाठी केंद्राने ‘ई-साक्ष्य’ हे ॲप केले आहे. जुन्या काळी पंच आला की नाही, वस्तू फडताळात होती की बाहेरून आणली, हे दोन बाजूंच्या शब्दांवर ठरत असे. आता मूक साक्षीदार मिळण्याची सोय झाली आहे, आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला तिचा फायदा नागरिकाइतकाच आहे. खोट्या आरोपातून त्यालाही हेच चित्रीकरण वाचवील. म्हणून झडती सुरू होताना ‘चित्रीकरण सुरू आहे ना?’ हा प्रश्न वॉरंटच्या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. चित्रीकरण नसेल तर तेवढी नोंद पंचनाम्यावर करून ठेवावी. आपण स्वतः चित्रीकरण करावे का? कामात आडवे न येता करण्यास मनाई करणारे सरसकट कलम नाही. पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये सांगितले. घर तर आपलेच. मात्र झडतीत हवा असलेला ऐवज तुमचा मोबाइलच असेल, तर हा उपाय फार वेळ टिकत नाही.

मोबाइलचा विषय आला तर दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. संहितेच्या कलम ९४ने आता कागदपत्रांच्या बरोबरीने संपर्काची साधनेही हजर करायला सांगण्याचा अधिकार दिला आहे. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचे एकमत नाही: कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१मध्ये ती स्वतःविरुद्ध साक्ष ठरत नाही असे मानले, तर दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने २०२२मध्ये उलट कौल दिला. बोटांचे ठसे देणे म्हणजे साक्ष नव्हे, असे ११ न्यायाधीशांनी १९६१मध्येच म्हटले आहे, पण तेव्हा बोट लावले की माणसाची दहा वर्षांची पत्रे, फोटो आणि बँक व्यवहार उघडत नसत. अशा साधनांच्या जप्तीसाठी नियमावली हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये केंद्राला बजावले, आणि तोवर सीबीआयची नियमपुस्तिका पाळू असे केंद्राने सांगितले. अशा अर्धवट स्थितीत नागरिकाने मागावी अशी गोष्ट म्हणजे हॅश व्हॅल्यू. साधनातल्या माहितीवरून गणिताने काढलेला हा आकडा असतो आणि माहितीत एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हा आकडा असतो. तो जप्तीच्या वेळीच पंचनाम्यात आला, तर पुढे कोणी त्यात काही घातले का हे तपासता येते. तंत्रज्ञ बरोबर नसेल तर निदान फोन बंद करून मोहोरबंद केला, इतके तरी लिहून घ्यावे.

अंगझडतीचे नियम थोडक्यात. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची, सभ्यतेची मर्यादा पाळून. अटकेनंतर अंगावरून काढून घेतलेल्या वस्तूंची पावती मिळते. अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणखी एक हक्क आहे, आणि तो नावाला नाही: अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी अशी मागणी करता येते आणि असा हक्क आहे हे पोलिसांनी आधी सांगावेच लागते. १९९९ आणि २०१० या दोन्ही वर्षी घटनापीठांनी हे बजावले आहे, आणि ते न पाळल्यामुळे आरोपी सुटतात. मात्र खिशाला जे लागू ते हातातल्या पिशवीला लागू नाही, असाही एक निकाल आहे. रात्रीच्या झडतीवर सर्वसाधारण कायद्यात बंदी नाही. सूर्यास्त ते सूर्योदय अशी खास बंधने याच अमली पदार्थ कायद्यात आहेत.

जप्ती आता कपाटापुरती राहिलेली नाही. बँक खातेही जप्त करण्याजोगी मालमत्ता आहे, असे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९९९मध्ये ठरले आणि ऑनलाइन फसवणुकीच्या तपासात खाती गोठवण्याचे प्रकार आज सर्रास होतात. जमीन आणि घर मात्र पोलीस या जप्तीच्या कलमाखाली ताब्यात घेऊ शकत नाहीत, हा २०१९चा निकाल, तोही महाराष्ट्रातलाच. जप्तीची खबर पोलिसांनी दंडाधिकाऱ्याला ताबडतोब द्यायची असते. पण २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती उशिरा दिली म्हणून जप्ती आपोआप रद्द होत नाही, अधिकाऱ्याला उशिराचे कारण द्यावे लागेल इतकेच. पुन्हा तोच नमुना: नियम मोडला तरी वस्तू सुटत नाही. वस्तू सोडवायची तर न्यायालयात अर्ज करावा लागतो, कलम ४९७ किंवा ५०३ खाली. वाहने आणि दागिने ठाण्यात गंजत, हरवत पडू देऊ नका, सुपूर्दनामा घेऊन लवकर परत करा, असे २००२च्या सुंदरभाई देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले. त्या खटल्यात मुद्देमालात अफरातफर केल्याचा आरोप पोलीस कर्मचाऱ्यांवरच होता. अर्जाला जोडायचा पहिला कागद कोणता, तर जप्ती पंचनाम्याची प्रत.

‘ज्याने काही केलेले नाही त्याला या उठाठेवी कशाला?’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. उत्तर असे की नोंद पक्की असण्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते. दोषी माणसाच्या घरात सापडायचे ते सापडतेच. निर्दोष माणसाकडे काही सापडले नाही, हे सिद्ध करायला त्या दिवसाच्या कागदाशिवाय दुसरे साधन नसते. दुसरा आक्षेप पोलिसांच्या बाजूचा, आणि तो खोटा नाही. मनुष्यबळ कमी, पंच मिळत नाहीत, पुरावा क्षणात नष्ट होतो, आणि तांत्रिक चुकीवरून अट्टल गुन्हेगार सुटावा का? पण आपल्या न्यायालयांनी नेमकी ही चिंता लक्षात घेऊनच बेकायदा झडतीतला पुरावाही स्वीकारला आहे. पोलिसांना एवढी सवलत दिल्यावर प्रत द्या, चित्रीकरण करा, घरातल्या माणसाला समोर उभे राहू द्या, ही मागणी जड म्हणता येणार नाही. अमली पदार्थांच्या खटल्यांत आरोपी सुटतात ते कायदा कडक आहे म्हणून कमी, आणि अधिकारी चार ओळींची कार्यपद्धती पाळत नाहीत म्हणून जास्त.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. पहाटे पाचला सहा पोलीस दारात उभे असताना कोण कलमे सांगणार? फ्लॅटमध्ये राहणारा, वकील मित्राला फोन लावू शकणारा माणूस कदाचित सांगेल. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२मध्ये कायद्याने पुसला, तरी पारधी वस्त्यांवरच्या झडत्यांच्या तक्रारी अजून थांबलेल्या नाहीत. तिथल्या बाईने हरकत लिहून सही करावी असे सुचवणे क्रूर थट्टा ठरेल. या आक्षेपाला पुरते उत्तर माझ्याकडे नाही, आणि हक्कांची माहिती हे सत्तेच्या विषमतेवरचे औषध आहे असा दावाही नाही. पण झडतीच्या वेळी गप्प बसावे लागले तरी नोंदीचा रस्ता बंद होत नाही. दुसऱ्या दिवशी, शक्यतो त्याच दिवशी, काय नेले, कोण आले, किती वाजता, पंच कोण होते, हे लिहून पोलीस अधीक्षकाला किंवा आयुक्ताला आणि दंडाधिकाऱ्याला नोंदणीकृत टपालाने पाठवता येते. सोसायटीच्या किंवा समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी मागून ठेवता येते. महिनाभराने केलेली तीच तक्रार ‘पश्चातबुद्धी’ म्हणून बाजूला पडते. दुसऱ्या दिवशीची पडत नाही. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. उगाच त्रास देण्यासाठी झडती किंवा जप्ती करणाऱ्या पोलिसाला शिक्षा सांगणारे कलम १४७ महाराष्ट्र पोलीस कायद्यात १९५१पासून आहे. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. यांतले कोणतेही दार रिकाम्या हाताने उघडत नाही. तारीख घातलेला कागद लागतो.

राहिला तुमच्या-आमच्या हातातला भाग. आपल्याकडे झडती येण्याची शक्यता कमी, पण शेजारच्या घरी आली आणि पोलिसांनी आपल्याला पंच म्हणून बोलावले, असे सहज होऊ शकते. बहुतेक जण दार लावून घेतात, कोर्टाच्या तारखांची कटकट नको म्हणून. लेखी बोलावणे आल्यावर वाजवी कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे, हे सोडून देऊ. आपण गेलो नाही तर पोलीस त्यांचा नेहमीचा माणूस आणतात, आणि मग त्या घराच्या बाजूने पाहणारे कोणी उरत नाही. तेव्हा बोलावले तर जा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबा, प्रत्येक खोलीत आत जाऊन पाहा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका.